अतितप्त गुरूंच्या वातावरणात वर जावे तसे तापमान का वाढते?

ध्रुवमत्स्य

व्याध आणि अगस्त्य या दोन ठळक ताऱ्यांच्या दरम्यान, किंचित पूर्वेकडे, दहाव्या प्रतीचा एक तारा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाच्या तीसेक अंश वर येतो आणि अंधाऱ्या जागेवरून लहान दुर्बिणीतही दिसतो. त्याचा क्रमांक वास्प-१२१. तो आपल्यापासून साडेआठशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्याभोवती एक महाकाय वायुग्रह अवघ्या साडेतीस तासांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. या ग्रहाचे, म्हणजे वास्प-१२१बीचे, वस्तुमान गुरूच्या सुमारे १.२ पट आहे. त्रिज्या मात्र पावणेदोन पटीहून अधिक, कारण त्याचे वायू उष्णतेने फुगलेले आहेत. गुरूसारख्या, परंतु ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या अशा ग्रहांना अतितप्त गुरू म्हणतात. २०१६ साली त्याचा शोध प्रसिद्ध झाला. पुढे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाला टायलोस आणि ताऱ्याला दिलमुन अशी नावे दिली.

आमच्या आकाशनिरीक्षण गटात मागील महिन्यात या ग्रहाविषयी बोलताना मी एक विधान केले होते, की कोणत्याही ग्रहावर वातावरणात जितके वर जावे तितके थंड होत जाते. घरी आल्यावर ते मला स्वस्थ बसू देईना, कारण पृथ्वीलाही ते पूर्णपणे लागू पडत नाही आणि या ग्रहाला तर मुळीच लागू पडत नाही. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडतो.

आपल्या डोक्यावरच्या हवेपासून सुरुवात करू. मुंबईवरून सरळ वर निघालो, तर सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत, म्हणजे तपांबराच्या माथ्यापर्यंत, तापमान उतरत उतरत उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास येते. त्यानंतर स्थितांबर सुरू होते आणि तेथे तापमान पुन्हा चढू लागते. पन्नासेक किलोमीटरवर ते शून्य अंशाच्या जवळपास पोहोचते. कारण शाळेत आपण सर्वांनी वाचलेले आहे: ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण तेथेच शोषून घेतो आणि ती ऊर्जा त्या थरात मुरते. या उलट्या चढाला तापमान विपरीतता म्हणतात.

ताऱ्याला जवळजवळ चिकटून फिरणाऱ्या वायुग्रहांवर ओझोन असण्याचा प्रश्नच नाही. मग तेथे ओझोनचे काम कोण करील? २००३ साली इव्हान हुबेनी, अॅडम बरोज आणि डेव्हिड सुदार्स्की यांनी टायटॅनियम ऑक्साइड आणि व्हॅनेडियम ऑक्साइड ही नावे पुढे केली. हे दोन्ही रेणू दृश्य प्रकाश अतिशय अधाशीपणे शोषतात. थंड लाल ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांचेच रुंद काळे पट्टे दिसतात. पुरेशा तप्त ग्रहावर हे रेणू वायुरूपात वर टिकले, तर ताऱ्याचा प्रकाश उंचावरच अडवतील आणि तो थर तापवतील, असा त्यांचा तर्क होता. २००८ साली जोनाथन फोर्टनी आणि सहकाऱ्यांनी याच आधारावर तप्त वायुग्रहांचे दोन वर्ग सुचवले: ज्यांच्यावर हे रेणू वायुरूपात आहेत आणि म्हणून विपरीतता आहे, असे अधिक तप्त ग्रह, आणि ज्यांच्यावर हे रेणू गोठून खाली बसले आहेत, असे तुलनेने कमी तप्त ग्रह.

आता शेकडो प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात तापमान वर चढते की उतरते, हे कळते कसे? ग्रह वेगळा दिसत नाही. तारा आणि ग्रह यांचा प्रकाश एकत्रच येतो. परंतु ग्रह ताऱ्याच्या मागे गेला, म्हणजे त्याचे पिधान झाले, की एकूण प्रकाशात किंचित घट होते आणि ही घट म्हणजेच ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचा प्रकाश. वास्प-१२१बीच्या बाबतीत अवरक्त प्रकाशातही ती हजारात एखाद-दुसऱ्या भागाएवढीच असते. ही घट प्रत्येक तरंगलांबीला वेगवेगळी मोजली, की ग्रहाचा वर्णपट हाती येतो. बाष्पाचे रेणू १.४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश जोरात शोषतात, त्यामुळे त्या तरंगलांबीत आपल्याला फक्त वरचा थर दिसतो आणि शेजारच्या तरंगलांबीत खोलवरचा थर दिसतो. वरचा थर खालच्यापेक्षा थंड असेल, तर बाष्पाचा पट्टा काळा उमटतो. वरचा थर अधिक तप्त असेल, तर तोच पट्टा उजळ उमटतो. रेणू तोच आणि तरंगलांबीही तीच, परंतु पट्ट्याची दिशा उलटते. मला या सर्व प्रकरणात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पहिला दावा मात्र चुकला. महाश्व तारकासमूहातील एचडी २०९४५८बी हा, ज्याचे अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, सर्वांत प्रथम पाहिले गेले (१९९९), तोच ग्रह. २००८ साली हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीच्या चार अवरक्त पट्ट्यांतील मोजमापांवरून तेथे विपरीतता असल्याचे म्हटले आणि अनेक वर्षे तो या विषयाचा आदर्श नमुना मानला गेला. परंतु स्पिट्झरच्या संवेदकावर तारा एखाद्या चित्रबिंदूच्या (पिक्सेलच्या) मध्यातून कडेकडे सरकला, तरी मोजलेला प्रकाश बदलत असे आणि ग्रहाची खूण या बदलापेक्षाही लहान होती. २०१४ साली अधिक काळजीपूर्वक केलेल्या पुनर्विश्लेषणात ती विपरीतता उरली नाही. पूर्ण वर्णपटाऐवजी चारच आकडे हाती असताना केवढा निष्कर्ष काढावा, याविषयीचा हा धडा त्या क्षेत्रातील लोकांनी मनावर घेतला.

२०१७ साली टॉम इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने वास्प-१२१बीच्या पिधानाचा वर्णपट घेतला आणि त्यात बाष्पाचा पट्टा उजळ दिसला. या वेळी चार आकडे नव्हते, तर पट्ट्याचा आकार होता. पुढे अधिक पिधाने पाहून त्याला दुजोरा मिळाला. याच निरीक्षणांत १.२ मायक्रॉनजवळ एक उंचवटा होता आणि तो व्हॅनेडियम ऑक्साइडचा असावा असे सुचवले गेले होते; नवीन निरीक्षणांत तो उंचवटा टिकला नाही. म्हणजे विपरीतता पक्की ठरली, परंतु तिच्या कारणाचा पुरावा निसटला. त्यातच २०२० सालच्या एका सविस्तर पाहणीत या ग्रहाच्या कडेच्या वातावरणात लोह, क्रोमियम, व्हॅनेडियम असे अनेक धातू अणुरूपात मिळाले, टायटॅनियम मात्र सापडला नव्हता.

मग तो थर तापवते कोण? या प्रश्नावर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

सातपाटीकर

लेख फार आवडला. एक शंका आहे. हिवाळ्यात पहाटे घाटातून खाली पाहिले, तर दरीत धूर आणि धुके साचलेले दिसते आणि वर हवा स्वच्छ व तुलनेने उबदार असते. भूगोलाच्या पुस्तकात त्यालाही तापमानाची विपरीतता म्हटले होते. ही तीच गोष्ट आहे का?

ध्रुवमत्स्य

नाव एक, परिणामही एकसारखा. कारण मात्र वेगळे. दरीत रात्री जमीन उष्णता गमावून हवेच्या आधी थंड होते आणि तिला लागून असलेला हवेचा थर खालून गारठतो. वरची हवा तापलेली नसते, ती फक्त मागे राहिलेली असते. सूर्य वर आला की ती अवस्था मोडते. ओझोनचा थर आणि हे ग्रह यांच्या बाबतीत वरचा थर स्वतः प्रकाश शोषून तापतो आणि जोवर ऊन आहे तोवर ती अवस्था टिकते. परिणामातील साम्य मात्र खरे आहे: खाली थंड आणि वर उबदार अशी रचना असली, की हवा वर चढू शकत नाही. दरीतील धूर ज्या कारणाने अडकून राहतो, त्याच कारणाने विपरीतता असलेल्या थरातही अभिसरण दडपले जाते. सातपाटीसारख्या किनाऱ्यावर खारे वारे आत शिरतात, तेव्हाही असा पातळ थर तयार होऊ शकतो.

अभियंता_नाशिक

मी साधे गणित करून पाहिले. ताऱ्याचे पृष्ठतापमान सुमारे ६४६० केल्विन आणि ग्रहाचे अंतर ताऱ्याच्या त्रिज्येच्या ३.७५ पट धरले. ग्रह सर्व प्रकाश शोषतो आणि उष्णता सर्व बाजूंना सारखी पसरवतो असे मानले, तर ६४६० ला ७.५ च्या वर्गमुळाने भागून सुमारे २३६० केल्विन येतात. याच अंतरावरून त्या ग्रहाच्या आकाशात ताऱ्याची तबकडी सुमारे ३१ अंश रुंद दिसेल, असेही निघते. आपला सूर्य अर्ध्या अंशाचा असतो.

परंतु मी वाचले आहे, की २०२२ सालच्या अभ्यासात या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान खालच्या थरात सुमारे २५०० आणि वरच्या थरात ३५०० केल्विनपर्यंत निघाले. ग्रहाला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा तो अधिक ऊर्जा कशी बाहेर टाकू शकेल? हे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या विरुद्ध वाटते.

ध्रुवमत्स्य

गणित बरोबर आहे आणि शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे.

पहिली गोष्ट, २३६० केल्विन ही संपूर्ण ग्रहाची सरासरी झाली. या ग्रहाची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे असते, जशी चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. उष्णता रात्रीच्या बाजूला अजिबात पोहोचली नाही, असे मानले, तर ताऱ्यासमोरच्या बाजूचे तापमान याच्या १.२८ पट, म्हणजे ३००० केल्विनच्या थोडे वर जाते. खरी अवस्था या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग खालच्या, दाट थरातून येतो. वरचा थर इतका विरळ आहे, की तो ३५०० केल्विनला पोहोचला तरी एकूण हिशेबात त्याचा वाटा लहानच राहतो. तापमान म्हणजे ऊर्जेचा साठा नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते. विरळ थर समतोलात राहण्यासाठी त्याने जेवढे शोषले तेवढेच उत्सर्जित केले पाहिजे. समजा एखादा वायू ताऱ्याचा दृश्य प्रकाश उत्तम शोषतो, परंतु अवरक्त प्रकाश उत्सर्जित करण्यात फार कमकुवत आहे. मग आत आलेली ऊर्जा बाहेर टाकण्यासाठी त्याला तापावेच लागते. उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, म्हणून ढोबळमानाने दृश्य प्रकाशातील शोषणक्षमता आणि अवरक्त प्रकाशातील शोषणक्षमता यांचे गुणोत्तर सोळापट झाले, तर त्या सर्वांत वरच्या थराचे तापमान दुप्पट होईल. चौथ्या घातामुळे हा परिणाम सौम्य होतो, नाही तर हे थर याहून कितीतरी अधिक तापले असते.

म्हणून विपरीततेचा प्रश्न “प्रकाश कोण शोषतो” एवढाच नाही. “थंड कोण करते” हाही तितकाच आहे. अनेक वर्षे सर्वांचे लक्ष पहिल्या अर्ध्या भागाकडे होते, असे माझे मत आहे.

रेवती_क

मी रेणूंच्या वर्णपटांशी संबंधित प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे टायटॅनियम ऑक्साइडच्या बाजूने थोडे लिहिते.

एखादा रेणू “सापडला नाही” याचे दोन अर्थ होतात. एक तर तो तेथे नाही, किंवा आपल्याकडची त्याच्या वर्णरेषांची यादी चुकीची आहे. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी ग्रहाच्या वर्णपटातील हजारो बारीक रेषा एकेक करून दिसत नाहीत; त्या सर्वांची सांगड एका सैद्धांतिक यादीशी घालून, ग्रहाच्या कक्षेतील वेगानुसार सरकणारी खूण शोधावी लागते. यादीतील रेषा किंचित जरी सरकलेल्या असल्या, तरी सांगड बसत नाही आणि रेणू असूनही नाहीसा होतो. टायटॅनियम ऑक्साइडच्या जुन्या याद्यांत अशा चुका होत्या, हे २०१५ साली थंड ताऱ्यांच्या वर्णपटांशी ताडून पाहताना स्पष्ट झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एक्सोमॉल प्रकल्पाने २०१९ साली नवीन यादी प्रसिद्ध केल्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. २०२२ साली वास्प-१८९बी या अतितप्त ग्रहाच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडची खूण खात्रीने मिळाली.

दुसरी अडचण ग्रहावरचीच आहे. टायटॅनियमची संयुगे साधारणपणे २००० केल्विनच्या खाली घनरूप होऊ लागतात. दिवसाची बाजू कितीही तप्त असली, तरी वारा हा वायू रात्रीच्या बाजूला नेतो, तेथे तो गोठून कणांत रूपांतरित होतो आणि कण खोल बुडतात. पुरेसे जोरदार अभिसरण नसेल, तर ते पुन्हा वर येत नाहीत. याला शीतसापळा म्हणता येईल. व्हॅनेडियमची संयुगे याहून थोड्या कमी तापमानाला गोठतात, त्यामुळे टायटॅनियम अडकला आणि व्हॅनेडियम सुटला, असे तापमान असू शकते. २०२३ साली स्टेफान पेलेटिए आणि सहकाऱ्यांनी वास्प-७६बीवर नेमके हेच दाखवले: व्हॅनेडियम ऑक्साइड आहे, लोह जवळजवळ ताऱ्याइतक्याच प्रमाणात आहे, आणि टायटॅनियम मात्र फारच कमी.

ध्रुवमत्स्य

रेवतीताई, याद्यांचा मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा होता. आभार.

तुमच्या शीतसापळ्यावरूनच पुढची पायरी येते. टायटॅनियम अडकलेला असूनही विपरीतता का आहे, याचे उत्तर २०१८ साली जोशुआ लोथ्रिंगर, ट्रॅव्हिस बारमन आणि टॉमी कोस्किनेन यांच्या संगणकीय प्रतिकृतींतून मिळाले. तापमान २५०० केल्विनच्या पुढे गेले, की या दोन ऑक्साइडांवाचूनही विपरीतता निर्माण होते, असे त्यांनी दाखवले. वायुरूप लोह, इतर धातूंचे अणू आणि सिलिकॉन मोनॉक्साइड यांसारखे रेणू अतिनील आणि दृश्य प्रकाश शोषायला पुरेसे असतात. येथील तारेही अधिक तप्त असल्यामुळे त्यांच्या प्रकाशात अतिनील भाग मोठा असतो.

त्याच वेळी थंड करणारा वायू नाहीसा होतो, आणि मला हीच बाजू अधिक निर्णायक वाटते. बाष्प हा अवरक्त प्रकाश उत्सर्जित करणारा प्रमुख रेणू. या तापमानाला आणि वरच्या कमी दाबाला तो तुटून हायड्रॉक्सिल, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे तुकडे होतात. म्हणजे वरच्या थरात तापवणारे वाढतात आणि निववणारे कमी होतात. दोन्ही बाजूंनी गुणोत्तर एकाच दिशेने सरकते. कार्बन मोनॉक्साइडचा बंध मात्र सुमारे ११ इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे अणू-रेणूंच्या ऊर्जेचे एकक), म्हणजे फार मजबूत, त्यामुळे तो पुष्कळ वरपर्यंत टिकतो. अशा ग्रहांवर बाष्पाची खूण पुसट आणि कार्बन मोनॉक्साइडची खूण ठळक, असे चित्र अपेक्षित असते आणि तसे ते दिसतेही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हे ग्रह समजून घेण्याची निम्मी हत्यारे ताऱ्यांच्या अभ्यासातून आलेली आहेत आणि त्यांतील दोन आपल्याकडच्या शास्त्रज्ञांच्या कामाशी जोडलेली आहेत. ठरावीक तापमानाला आणि दाबाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. सोडियम, पोटॅशियम यांचे अणू इलेक्ट्रॉन सहज सोडतात. तुटलेल्या हायड्रोजनच्या एखाद्या अणूला असा मोकळा इलेक्ट्रॉन चिकटला, की ऋणभारित हायड्रोजन आयन तयार होतो. हा इलेक्ट्रॉन अवघ्या पाऊण इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेला असतो, म्हणून १.६४ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा जवळजवळ कोणताही प्रकाश त्याला उडवून लावतो आणि त्या प्रयत्नात स्वतः शोषला जातो. सूर्याचे दृश्य पृष्ठ याच आयनामुळे अपारदर्शक झालेले आहे, हे रूपर्ट विल्ट यांनी १९३९ साली ओळखले आणि त्याच्या शोषणाचे काटेकोर गणित १९४०च्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केले. सूर्यासाठी केलेले ते गणित आज ग्रहांच्या वर्णपटासाठी वापरले जाते.

मृण्मय

मला येथे थोडी साशंकता नोंदवायची आहे. धातू, आयन, विघटन, अभिसरण असे इतके घटक हाती असले, तर कोणत्याही वर्णपटाला जुळणारी प्रतिकृती तयार करता येईल, असे वाटते. वास्प-१८बीचे उदाहरण घ्यावे. २०१७ साली त्याच्या वर्णपटात बाष्पाची खूण नाही, म्हणून तेथे कार्बनचे प्रमाण ऑक्सिजनएवढे आहे, असा निष्कर्ष निघाला होता. एका वर्षात तोच वर्णपट बाष्पाच्या विघटनाने आणि ऋणभारित हायड्रोजनने समजावून सांगितला गेला आणि ग्रह पुन्हा सूर्यासारख्या घटकांचा ठरला. एचडी २०९४५८बीविषयी मूळ लेखात आहेच. आजचा निष्कर्ष उद्या बदलणार नाही, हे कशावरून?

ध्रुवमत्स्य

ही साशंकता रास्त आहे आणि तिला उत्तर युक्तिवादाने नव्हे, तर निरीक्षणांनीच देता येते.

वास्प-१८बीचे प्रकरण पुढे सरकले. हा दहा गुरूंएवढ्या वस्तुमानाचा ग्रह एका दिवसाहून कमी काळात प्रदक्षिणा करतो. त्याच्या गुरुत्वामुळे वातावरण घट्ट दाबलेले आहे आणि दाब अधिक असल्याने बाष्पाचे विघटन थोडे रोखले जाते. २०२३ साली लुई-फिलिप कूलोंब आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा ०.८५ ते २.८५ मायक्रॉनपर्यंतचा वर्णपट प्रसिद्ध केला. त्यात बाष्पाचे एकापेक्षा अधिक पट्टे दिसले. ते लहान होते, परंतु उजळ होते. म्हणजे “बाष्प नाही” हे विधान चुकीचे होते आणि “बाष्प आहे, परंतु पुष्कळसे तुटलेले आहे” हे २०१८ सालचे भाकीत खरे ठरले. आधी भाकीत आणि नंतर अधिक चांगले निरीक्षण, असा क्रम असल्यामुळे मी त्याला जास्त वजन देतो.

दुसरा पुरावा पूर्णपणे वेगळ्या पद्धतीचा आहे. हंस तारकासमूहातील केल्ट-९बी हा ज्ञात वायुग्रहांतील सर्वांत तप्त ग्रह. त्याचा तारा १०,००० केल्विनचा आहे आणि ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ४६०० केल्विन, म्हणजे कित्येक लहान ताऱ्यांपेक्षा अधिक आहे. २०१८ साली त्याच्या वातावरणात अणुरूप लोह आणि आयनरूप लोह व टायटॅनियम सापडले. २०२० साली लोरेन्झो पिनो आणि सहकाऱ्यांनी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने याच ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचा वर्णपट पाहिला, तेव्हा लोहाच्या रेषा उजळ, म्हणजे उत्सर्जनाच्या दिसल्या. त्याच वर्षी वास्प-१८९बीवरही लोहाच्या उजळ रेषा मिळाल्या. येथे पिधानातील घट मोजलेली नाही, अवकाशातील संवेदक नाही, बाष्पही नाही. अवजारे आणि मूलद्रव्य दोन्ही निराळे असूनही वरचा थर अधिक तप्त असल्याचेच उत्तर येते. शिवाय जे मूलद्रव्य तापवत असल्याचा संशय होता, तेच त्या तप्त थरात चमकताना दिसले.

एचडी २०९४५८बीचे तापमान १५०० केल्विनच्या खालीच आहे. आज पाहिले तर त्याला विपरीतता नसणे हेच सिद्धांताशी अधिक सुसंगत आहे.

मृण्मय

लोहाच्या रेषांचा मुद्दा मला पटला. एकच रेषा उजळ दिसली असती, तर मी तरीही शंका घेतली असती.

जुना वाचक

रात्रीच्या बाजूविषयी कोणी लिहिले नाही. तेथे ऊनच नाही, म्हणजे विपरीतताही नसणार. मग पलीकडे गेल्यावर हे तुटलेले रेणू पुन्हा जुळतात का?

ध्रुवमत्स्य

जुळतात, आणि त्यातूनच उष्णता वाहून नेली जाते. हायड्रोजनचा एक रेणू तोडायला सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. दिवसाच्या बाजूला ती खर्च होते. अणू वाऱ्याबरोबर रात्रीच्या बाजूला पोहोचून पुन्हा जोडीने बांधले गेले, की तीच ऊर्जा तेथे मोकळी होते. आपल्याकडे समुद्रावर बाष्पीभवन होते आणि सह्याद्रीवर ढग होताना ती सुप्त उष्णता मोकळी होते, तसाच हा व्यवहार आहे. फक्त एक किलो हायड्रोजनमागे ही उष्णता एक किलो बाष्पाच्या मानाने जवळजवळ शंभरपट असते. २०१८ साली टेलर बेल आणि निकोलस कोवन यांनी हे दाखवल्यापासून अशा ग्रहांच्या दिवस-रात्रीच्या फरकाचे गणित बदलले.

वास्प-१२१बीविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. वर अभियंता यांनी उल्लेखिलेल्या २०२२ सालच्या, टॉम मिकाल-इव्हान्स यांच्या अभ्यासात (२०१७चे इव्हान्स ते हेच) ग्रहाची संपूर्ण प्रदक्षिणा पाहिली गेली. रात्रीच्या बाजूला खालच्या थरात सुमारे १८०० आणि वर १५०० केल्विन निघाले, म्हणजे तेथे तापमान वर जाताना उतरते. त्यामुळे एकाच ग्रहावर बाष्पाचा पट्टा दिवसा उजळ आणि रात्री काळा दिसतो. हे मी प्रथम वाचले, तेव्हा वर्णपटाची ती दोन चित्रे कितीतरी वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहत होतो. १५०० केल्विनला लोह, अॅल्युमिनियमची संयुगे, टायटॅनियम सर्वच घनरूप होऊ शकतात. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात, त्या कुरुविंदाचे ढग तेथे असण्याची शक्यता वर्तवली गेली आहे. २०२० साली डाव्हिड एरनराइख आणि सहकाऱ्यांनी वास्प-७६बीच्या संध्याकाळच्या कडेवर वायुरूप लोह दिसते आणि पहाटेच्या कडेवर दिसत नाही, यावरून रात्री लोहाचा पाऊस पडत असावा, असे सुचवले. त्या फरकाचे अन्य स्पष्टीकरणही पुढे आले आहे, उदाहरणार्थ दोन कडांच्या तापमानांतील किंवा ढगांतील तफावत; म्हणून लोहाच्या पावसाची बातमी मी नेहमी थोड्या सावधपणे सांगतो.

सातपाटीकर

भारतातून अशा ग्रहांवर काही काम होते का?

रेवती_क

होते. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने अबूच्या पहाडावरील आपल्या पारस वर्णपटमापकाच्या साहाय्याने २०२१ साली टीओआय-१७८९बी हा तप्त वायुग्रह शोधला. त्याचे तापमान सुमारे २००० केल्विन आहे, म्हणजे तो आपल्या चर्चेतील २५०० केल्विनच्या उंबरठ्याच्या थोडा अलीकडे येतो. तो ताऱ्यासमोरून जातो, त्यामुळे त्याच्या वातावरणाचा अभ्यास शक्य आहे. याशिवाय २०१९ साली भारताने ज्या ताऱ्याचे बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ बिभा असे नामकरण केले, त्याचा संतमस हा ग्रहही सुमारे दोन दिवसांत फेरी मारणारा तप्त वायुग्रह आहे. मात्र तो आपल्या दृष्टीने ताऱ्यासमोरून जात नाही, त्यामुळे पिधानाची रीत तेथे चालत नाही.

ध्रुवमत्स्य, एक दुरुस्ती सुचवते. वास्प-१२१बीवर टायटॅनियम नाही, असे मूळ लेखात आहे. २०२५ सालचे निष्कर्ष आपण पाहिले नसावेत.

ध्रुवमत्स्य

पाहिले नव्हते, काल रात्री वाचले. चिलीतील पारानाल येथील अतिविशाल दुर्बिणीचे ८.२ मीटर व्यासाचे चारही आरसे एकाच वेळी एका वर्णपटमापकाला जोडून वास्प-१२१बीचे एक अधिक्रमण पाहिले गेले. जुलिया झायडेल आणि सहकाऱ्यांनी त्यातून वातावरणाचे थर वेगवेगळे केले: खोलवर लोहाचा वारा तप्त बाजूकडून थंड बाजूकडे जातो, त्याच्या वर सोडियमच्या रेषांत विषुववृत्ताभोवती धावणारा झोत दिसतो, आणि सर्वांत वर हायड्रोजन. त्याच निरीक्षणांतून बिबियाना प्रिनोथ आणि सहकाऱ्यांना टायटॅनियम मिळाला, तोही त्या झोताच्या खालच्या अंगाला. पूर्वीच्या निरीक्षणांना तो दिसला नव्हता, कदाचित तो खोल दडलेला असल्यामुळे. म्हणजे शीतसापळा सर्वत्र सारखा काम करत नाही आणि एकाच ऊर्ध्व रेषेवर तापमान काढून संपूर्ण ग्रहाला लावण्याची आपली पद्धत येथे अपुरी पडते. जेम्स वेबच्या निरीक्षणांत याच ग्रहाच्या दिवसाच्या बाजूला सिलिकॉन मोनॉक्साइड आणि रात्रीच्या बाजूला मिथेन मिळाला आहे. मिथेन एवढ्या उष्णतेत टिकायला नको, म्हणून तेथे खालून वर जोरदार अभिसरण असावे, असा तर्क आहे.

मूळ लेखातील “टायटॅनियम नाही” हे शब्द बदलून “सापडला नव्हता” असे केले आहेत.